आईचे कच्चे टाके

सहाव्या महिन्यात मला दिवसाढवळ्या झोप यायची. मंगळवार पेठेतल्या माहेरच्या घरी आई पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवत असायची आणि मी तिच्या मशीनच्या आवाजात तरंगत पडायची. अर्धवट मिटल्या डोळ्यांना सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसे: कापडांचे रंग, तिचा हलणारा पाय, दारातलं ऊन. अशाच एका दुपारी ती मशीन न थांबवता म्हणाली, "तुझं बाळंतपण सासरलाच होऊ दे. हितं नगं."

माझी झोपच उडाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवतसुद्धा नाही. "येडी झालीस काय?" मी ओरडलेच.

"माझं दूध वाईट हुतं. बाळाला माझा हात लागायला नगं."

माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. पांढराफटक पडत पडत तो तान्हेपणीच गेला. आईचं दूध अंगी लागलं नाही, असं तेव्हा आयाबाया म्हणाल्या आणि तिनं ते खरं धरलं. मला त्या बायकांचा भयंकर राग आला. त्यातल्या निम्म्या आता हयातही नव्हत्या, तरी आला.

आणि मग लख्ख काहीतरी सुचलं. माझ्या रक्ततपासणीत मी थॅलेसेमियाची, म्हणजे रक्त धड न बनण्याच्या आनुवंशिक आजाराची, वाहक निघाले होते. नवऱ्याचं रक्त निर्दोष होतं, म्हणून घरी उगाच घोर नको, असं म्हणून मी गप्प बसले होते. आता मी आईबाबांना तपासणीला नेलं. दोघंही वाहक निघाले.

कॉलेजात जीवशास्त्राच्या तासाला हे मी फळ्यावर बाण काढून शिकवते. आईसमोर तिचाच अर्धा शिवलेला ब्लाऊज धरला.

"पेशीत जनुकाची नक्कल निघते, तिला निरोप म्हण. ती तुकडे जोडून होते आणि जोडांवर खुणा राहतात, तुझ्या कच्च्या टाक्यांसारख्या. वाचणारं यंत्र पुढं सरकतं तसं त्या खुणा उसवत जातं. पण 'थांब' हा शब्द चुकून मधेच आला, तर ते तिथंच थांबतं. पुढचा टाका तसाच राहतो. त्यावरून पेशी ओळखते, हा निरोप बिघडलाय. मग ती तो फाडून टाकते, नाहीतर अर्धंमुर्धं काहीतरी बनून चांगल्याचीही नासाडी होईल."

"मग तू कशी जगलीस?"

"माझ्याकडं जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली. चांगलीवर भागतं. तुझं तसंच, बाबांचंही तसंच."

मशीन थांबलं. "आन त्याच्याकडं?"

"दोन्ही बिघडलेल्या असणार, एक तुझ्याकडून आलेली, एक बाबांकडून. सगळे निरोप फाडले गेले. रक्ताला लागतं ते धड बनलंच नाही. कुठल्याच दुधानं ते भरून निघालं नसतं, आई."

"आन पोटातल्या ह्याला?"

"याच्या बापाच्या दोन्ही प्रती चांगल्या हायत. फार तर माझ्यासारखं होईल."

ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं. मग ती माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली, "हितंच ऱ्हा," म्हणाली आणि पहिल्यांदाच तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. मला रडू फुटलं. ती मात्र रडली नाही. माझ्याशी नव्हे, पोटातल्या बाळाशीही नव्हे, असं हळू आवाजात ती म्हणाली, "उपाशी न्हाई ठीवलं रं तुला मी."