घोळणा आणि करंगळी

आण्याच्या पठारावरून नारायणगावला येणाऱ्या एसटीत, ऐन मे महिन्यात माझा घोळणा फुटला. मी तेव्हा कॉलेजात होतो. नाकातून रक्त येताना दिसताच शेजारच्या अनोळखी गृहस्थाने माझे केस धरून मान मागे पाडली, पायाशी ठेवलेल्या पिशवीतला कांदा गुडघ्यावर बुक्कीने फोडला आणि माझ्या नाकाशी धरला.

"लई उष्णता हाय याच्या अंगात. आंबं हाणलं असतील," त्याने अख्ख्या गाडीला सांगितलं. मला विचारायची गरज त्याला वाटली नाही. रक्त घशात उतरून मला ठसका लागत होता, आणि हा धन्वंतरी मोकळ्या हाताच्या करंगळीचं लांब नख स्वतःच्या नाकात फिरवत अंडी, चहा आणि टीव्हीला नावं ठेवत होता.

शेवटी मी त्याचा हात झटकला, पुढे वाकलो आणि नाक चिमटीत दाबून धरलं. दहा मिनिटांत रक्त थांबलं.

"बगा, कांद्यानं थांबलं का न्हाई!" तो म्हणाला. सगळ्या गाडीने माना डोलावल्या.

काय अडाणी माणूस, असं मनात म्हणत मी हात पुसायला घेतला. करंगळीचं नख वाढवायची तेव्हा आम्हा पोरांत फॅशन होती. माझंही तेवढंच लांब होतं, आणि आणे गाव सोडल्यापासून मीही नाकच कोरत बसलो होतो.