तळहाताएवढं बॉनेट

चिकपेटच्या मागच्या गल्लीत नागोजी जिंगाडे याच्या सोवळ्याची मोठी ख्याती होती. घराणं मराठ्यांचं, शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात येऊन राहिलेलं, दर रविवारी मटणाचा रस्सा शिजणारं. आणि हा गडी मात्र ओला पंचा नेसून आतल्या खोलीत शिरायचा, शिरण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडायचा आणि आतून कडी लावायचा. नव्या भाडेकरूंना वाटायचं, माणूस काहीतरी कडक अनुष्ठान करतोय. होतंही तसंच म्हणा. फक्त त्याचे देव लाकडाचे होते, त्यांना चार चाकं होती, आणि धूळ हा त्यांचा एकच विटाळ होता.

दिवसा नागोजी कंटोन्मेंटातल्या एका गॅरेजात खऱ्या मोटारी रंगवायचा. घरी आला की छोट्या. चन्नपट्टणचा एक खेळणीवाला त्याला मापात बसवून वीतभर लांबीच्या लाकडी गाड्या कोरून द्यायचा. नागोजी त्यांच्या भेगांत लांबी, म्हणजे लुकण, भरायचा, पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचा आणि मग रंगाचे हात द्यायला घ्यायचा. रंग जुन्या रेशमी लुगड्याच्या तुकड्यातून गाळलेला, आणि एकेक हात इतका पातळ की तो दिलाय हे सांगूनही त्याच्या बायकोला, अहल्येला, पटायचं नाही. जाड दिला तर दाराच्या फटी बुजतात, असं तो म्हणायचा. हात वाळला की तो पुन्हा घासून काढायचा. आलेली चमक आपल्याच हाताने मारून टाकणारा नवरा पाहून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अहल्येला वाटलं होतं की बापाने आपल्याला वेड्याच्या घरी दिलं.

सगळ्यात शेवटी तो कापडसुद्धा लावायचा नाही. नुसत्या तळहाताने, आईने बाळाला तेल लावावं तसा, तो गाडी चोळत बसायचा. मग एखाद्या सकाळी दार उघडून म्हणायचा, "अहल्ये, बघून जा."

ती जायची, आणि दर वेळी बघतच राहायची. चार बोटं रुंदीच्या टपावर समोरची खिडकी उतरलेली असायची, गजांसकट. खिडकीपलीकडचा नारळ, त्याच्या झावळ्या, झावळ्यांमधलं आभाळ. जवळ वाकलं की तिचा स्वतःचा चेहरा यायचा, कपाळावरच्या कुंकवासकट. काल हा लाकडाचा ठोकळा होता, आज याच्यात विहिरीएवढं खोल पाणी आलं कुठून, हे तिला कधीच कळलं नाही. बारा वर्षं संसार झाला तरी कळलं नाही. तिला त्या गाड्यांची थोडी भीतीच वाटायची. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाटते तशी.

एकोणसाठ साली आषाढात मल्लेश्वरमहून प्रतिमाबाई आल्या. बाई पुण्याकडच्या. यजमान विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होते, ते आदल्या वर्षी अचानक गेले. त्यांची सायीच्या रंगाची मॉरिस गाडी होती. ती गॅरेजात नागोजीनेच एकदा सबंध रंगवली होती, म्हणून बाई पत्ता शोधत आल्या होत्या. मोठी गाडी विकून झाली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कायमच्या भावाकडे निघणार होत्या, आणि भावाच्या घरी त्यांच्या वाट्याला एक कोनाडा येणार होता. कोनाड्यात बसेल अशी ती मॉरिस त्यांना हवी होती. रंग मात्र तोच हवा, म्हणाल्या. बाकी तिकडे नेण्यासारखं काही राहिलं नाही.

त्या गेल्यावर नागोजीने रंगाच्या वाट्या काढल्या. मग अहल्येला म्हणाला की ही गाडी चुकता कामा नये. एरवी त्याच्या तोंडून असं वाक्य वर्षभरातही निघायचं नाही.

पांढऱ्यात पिवळा आणि कणभर तपकिरी घालून त्याने तो रंग आठवणीतून ओढून काढला. मनासारखा येईना तोवर तीन वाट्या ओतून दिल्या. श्रावण गेला, गौरी-गणपती गेले, घरात म्हैसूरकडच्या रिवाजाने नवरात्राच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडून झाल्या. गल्लीतल्या सवाष्णी संध्याकाळी हळदीकुंकवाला येऊन बाहुल्या बघून जात होत्या, आणि आतल्या खोलीत नागोजी घासतच होता. नवमीच्या आदल्या दिवशी शेवटचा हात देऊन झाला. आता वाळू द्यायचं, आणि मग तळहात.

नवमी म्हणजे आयुधपूजा. त्या दिवशी बंगळुरात कोणतंही हत्यार चालत नाही आणि कोणतंही वाहन पूजेवाचून राहत नाही. सरकारी बससुद्धा केळीचे खुंट बांधून, चाकाखाली लिंबू चिरडून मगच निघते. नागोजीने आपली स्प्रे गन, लांबीचे पत्रे, रंगाची भांडी सगळं बाहेरच्या खोलीत पाटावर मांडलं, आणि सगळ्यांना कुंकू लाव असं अहल्येला सांगून तो गॅरेजातल्या पूजेला गेला.

तिने सगळ्यांना लावलं. करंडा झाकताना तिला आठवलं की आत एक वाहन उरलंय.

तिने पाय धुतले, पदर खोचला, आत गेली. फडकं बाजूला केलं आणि जागीच थबकली. अजून तळहात लागला नव्हता, तरी त्या सायीत खिडकी उतरली होती, नारळ उतरला होता, आणि आजवर कुठल्या गाडीत तिला आपला चेहरा असा दिसला नव्हता. तिचे हात आपोआप जोडले गेले. मग तिने अनामिकेने ओलं कुंकू घेतलं आणि त्या तळहाताएवढ्या बॉनेटवर मधोमध टेकवलं. अशा गाडीला आजच्या दिवशी बोडकी ठेवायची तरी कशी?

दुपारी नागोजी आला, आत गेला, आणि बाहेर येईना. ती डोकावली तेव्हा तो उपरण्याच्या टोकाने बॉनेट टिपत होता. कुंकू निघालं होतं. खाली गुलाबी डाग उरला होता. कोवळा रंग, त्यात ओलं कुंकू, ते आत उतरलं होतं.

"मी लावलं," अहल्या म्हणाली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बाहेरच्या पाटाकडे पाहिलं. पॉलिश पेपर, घासायची पेस्ट, गन, सगळं फुलांखाली पूजेत बसलं होतं, आणि दशमीपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. त्याच्या बापाने कधी लावला नव्हता, आजाने लावला नव्हता. "पूजाच केलीस, पाप नाही केलंस," तो म्हणाला. "स्वल्प दम धर. उद्या बघू." आणि कुंकवाला मुरायला सबंध दिवस मिळाला.

दशमीला पहाटे उत्तरपूजा करून त्याने हत्यारं उचलली. डागाची जागा खरवडली, डाग आत कोंडायला लाखेचा हात दिला, वर सायीचा रंग दिला. रंग स्वच्छ बसला, आणि अहल्येने श्वास सोडला. बघता बघता पट्टीतून रक्त यावं तसा लाल वर आला. पुन्हा खरवडलं, पुन्हा लाख, पुन्हा रंग. या खेपेला लाली फिकी आली, पण आली. सबंध बॉनेट लाकडापर्यंत उतरवायला दिवस उरला नव्हता. मग नागोजीने गन खाली ठेवली आणि तळहाताने घासायला घेतलं. दिवस मावळेपर्यंत तो घासत होता. शेवटी गाडी अशी झळकली की अहल्येचे हात पुन्हा जोडले गेले. सरळ पाहिलं तर डाग नव्हता. तिरप्या उजेडात धरलं की बॉनेटच्या मधोमध, खोल, गुलाबाच्या पाकळीएवढी लाली दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिमाबाई आल्या, त्या मागच्या दाराने. पुढच्या खोलीत अजून बाहुल्या मांडलेल्या होत्या. नवरात्रात सगळी गल्ली हळदीकुंकवाला येऊन गेली, ह्यांना बोलावणं गेलं नव्हतं. विधवेला जात नाही, आणि गेलं असतं तरी त्या आल्या नसत्या. अहल्येने त्यांना मागेच कॉफी दिली.

नागोजीने गाडी त्यांच्या हातात ठेवली. बाईंनी ती खिडकीपाशी नेली. टपावर बोट ठेवलं, दारं पाहिली, मग उजेडात तिरपी केली. त्यांचा हात थांबला.

"बॉनेटवर डाग आहे," नागोजीने सांगून टाकलं. "दोन-तीन महिने मिळाले तर नवी करून पाठवतो. ही देण्यासारखी नाही झाली."

"माझ्यामुळे झालं, अक्का," अहल्या म्हणाली. "आयुधपूजेला मी कुंकू लावलं."

प्रतिमाबाईंनी गाडी उजेडात पुन्हा तिरपी केली. गाडीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "दर दसऱ्याला मी लावायची. ते रागवायचे, रंग खराब होतो म्हणून. तरी लावायची." मग त्या म्हणाल्या, "यंदा कुणी माझ्या हातात करंडा दिला नसता. ही अशीच राहू द्या."

अहल्या उठली. पुढच्या खोलीत गेली, बाहुल्यांपुढचा करंडा उचलला आणि परत आली. सासू असती तर तिने घरात उभं केलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिने झाकण काढलं आणि करंडा प्रतिमाबाईंपुढे धरला.

बाई मागे सरल्या. मग त्यांनी नागोजीकडे पाहिलं. ज्या माणसाने धुळीच्या कणाला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्याने त्यांच्या हातून गाडी अलगद घेतली, दोन्ही तळहातांवर धरली आणि बॉनेट त्यांच्यासमोर केलं.

प्रतिमाबाईंनी बोट बुडवलं, आणि त्याच जागी टेकवलं.

अहल्येने आजवर त्या चकाकीपुढे हात जोडले होते. आज तिने नवऱ्याकडे तसंच पाहिलं, आणि डोळ्यांतल्या पाण्याने तिला पुढचं काही दिसेना. नागोजी हलला नाही. कुंकू वाळेपर्यंत तो गाडी तशीच धरून उभा राहिला.