सरकारी माहेरची मावशी

सरकारने आजवर पुष्कळ माणसं नेमली असतील, पण आई म्हणून नेमलेलं माणूस मी एकच पाहिलं, आणि तेही कंत्राटी. भोकरच्या पुढं आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याच्या आवारात दोन खोल्या होत्या. ज्यांचं गाव डांबरी रस्त्यापासून लांब, त्या बायांनी दिवस भरत आले की तिथं येऊन राहायचं. खाणंपिणं, देखभाल सगळं सरकारी निधीतून. कागदावर नाव 'प्रसूतीपूर्व निवास कक्ष'. स्वयंपाकाला नेमलेली उदगीरची मावशी मात्र त्याला माहेर म्हणायची, आणि नुसतं म्हणून थांबली असती तर ती मावशी कसली! पोटी एक लेकरू नाही, पण लेकी विचाराल तर अर्ध्या तालुक्यात.

सुरुवातीला खोल्या रिकाम्याच. दवाखान्याची गाडी दारात जायची, बाया चढायच्या नाहीत. डॉक्टर हैराण. मावशीला काही नवल वाटलं नाही. "मूळ धाडल्याबिगर लेक माहेरी येत असती का कधी? न्यायला मानूस नको?" म्हणाली, आणि त्या दिवसापासून स्वतःच मुराळी झाली. इरकल नेसलेली, गळ्यात लिंग, हातात लाडवांचा डबा, अशी ती एसटीनं आणि पुढं पायी जाऊन सासरच्या दारात उभी राहायची. विहिणीला मानपान, सासऱ्याची विचारपूस, जावयाला टॉवेल-टोपी, सगळं रीतसर. मुराळी नावाचं पद मंजूर नाही, असं साहेबांनी लिहून कळवलं. "मग करा की मंजूर! मी काय खानावळ चालवायलेय का? माहेर चालवायलेय." साहेब तपासणीला आले तेव्हा बाळंतिणीची खोली म्हणून त्यांना बूट बाहेर काढायला लावले, आणि जाताना हातावर डिंकाचा लाडू ठेवला.

माझी आई मी दहावीत असतानाच गेली. मला नववा लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता हिला न्यायला कोण येतंय?" त्या वाईट नाहीत, पण ते बोलणं काळजाला लागलं. दवाखान्याच्या वहीत माझं नाव बघून तिसऱ्या दिवशी मावशी ओट्यावर हजर. मला कधी न पाहिलेली ही बाई सासूबाईंना म्हणते, "लेकीला न्यायला आलेय. लई वाळवली हो तुम्ही!" मी आत चुलीपुढं बसून हमसून हमसून रडले.

तिथं तिचा दरारा कलेक्टरचा. शेपू नको म्हटलं की, "आईच्या घरी नखरे चालतात, पन ताट रिकामं झाल्यावर." नियमात मुक्काम मोजका, पण बारसं झाल्याशिवाय आणि ओटी भरल्याशिवाय तिनं कुणालाच हलू दिलं नाही. न्यायला आलेले नवरे दोन-दोनदा हात हलवत परत गेले.

यंदा माझं दुसरं, आठवा चालू आहे. गेल्या महिन्यात कळलं, त्या खोल्यांचा निधी आलाच नाही. कुलूप लागलं, मावशी उदगीरला भावाकडं गेली. मी फोन केला. म्हटलं, "मग तूच ये माझ्याकडं. इथंच करू बाळंतपण."

ती म्हणाली, "न्हाई गं बाई. लेकीच्या सासरी आईनं मुक्काम करू न्हाई. लोक तुलाच नावं ठेवतील."

नंतर तिनं झोप, पायांची सूज, शेपू, सगळं विचारलं. न्यायला येते, एवढं मात्र म्हणाली नाही. सासूबाई म्हणतात, नांदेडला चांगला दवाखाना आहे, काळजी कशाला करतेस? असेल चांगला. दवाखान्यात काय, नवराही नेईल. मला माहेरी जायचंय.