लाल दोऱ्याची बेचाळीस पाकिटं

"ताई, लेकराच्या हातात ह्यातलं काय पडू दिऊ नगा. शिसं हाय. जिभंला गोड लागतंय म्हंत्यात, म्हणून तर जास्त भ्या."

मगदूमकाका हे म्हणाले तेव्हा शलाकाला आठवा महिना होता. सांगलीतल्या त्यांच्या छापखान्यात एकुलती एक खुर्ची, तिच्यात ती पाय पसरून बसली होती आणि काका उभ्याउभ्या एका मुंजीच्या पत्रिकेची अक्षरं जुळवत होते. ती हसली. "अहो काका, आधी जन्माला तर येऊ दे त्याला!" काकाही हसले आणि विषय तिथंच राहिला. तशी ती सांगणं झटकून टाकणाऱ्यांतली नव्हे. पण त्या दिवसांत चिंच खाऊ नकोस, तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभी राहू नकोस, ग्रहणात सुरी धरू नकोस, असं जो तो काहीबाही सांगत होता. काकांचं बोलणंही त्याच ढिगात जाऊन पडलं.

आज जुई अकरा महिन्यांची आहे. शुक्रवार, दुपारचे पावणेतीन. जमिनीवर गादी घातलीये, जुई दूध पिता पिता झोपलीये आणि शलाका तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघतेय. हे रोजचंच. चमचे वीस मिनिटं उकळायचे, टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंज चिकटवायचा, द्राक्ष सोलून त्याचे चार तुकडे करायचे. तिचा नवरा पराग म्हणतो, "तुला सरहद्दीवर पाठवायला पाहिजे. चिमणी सुटायची नाही तुझ्या नजरेतून."

आज मात्र ती निवांत आहे. सकाळी अकरा वाजता तिनं जुईच्या पहिल्या वाढदिवसाची बेचाळीस निमंत्रणं टपालात टाकली. पत्रिका हा तिचा धंदाच. लग्न, मुंज, वास्तुशांत, साठी. चित्र ती काढते, मजकूर ती मांडते, आणि छपाई जुन्या पद्धतीची: शिशाची एकेक अक्षरं, ज्यांना छापखान्यात खिळे म्हणतात, ती हातानं जुळवायची आणि पायानं चालणाऱ्या ट्रेडलवर छापायची. पुण्यामुंबईची गिऱ्हाइकं जाड कागदात रुतलेल्या अक्षरांवरून बोट फिरवतात आणि खूश होतात. मगदूमकाकांना ते पसंत नव्हतं. "अक्षर कागदाला टेकवायचं असतंय, ताई. रुतलं म्हंजी कारागीर कच्चा." असं म्हणायचे, आणि तिच्यासाठी कुरकुरत रुतवून द्यायचे.

जुई जन्मली त्याच आठवड्यात ते गेले. छातीत कळ आली, मशीनपाशीच. शलाका दवाखान्यात बाळंतीण, शेवटचं बघणंही झालं नाही. पुढं त्यांच्या मुलानं मशीन भंगारात काढलं आणि शलाकाची छपाई दुसऱ्या छापखान्यात गेली, तेव्हा तिनं खिळ्यांची एक पेटी मागून घरी आणली.

त्या पेटीतली अक्षरं आता टपालात आहेत. कल्पना तिचीच, आणि सुचली तेव्हा ती स्वतःवरच बेहद्द खूश झाली होती. ज्या घरी निमंत्रण जायचं त्या घरच्या बाळाच्या नावाचं पहिलं अक्षर, खराखुरा खिळा, पत्रिकेला लाल दोऱ्यानं बांधलेला. आईबापांनी जपून ठेवावा म्हणून. खिळ्याच्या अंगाला एक बारीक खाच असते, दोरा नेमका तिच्यात बसतो. काल याच गादीवर बसून तिनं बेचाळीस गाठी मारल्या.

तिचे डोळे जड होतात. पंख्याची कुरकुर ऐकू येतेय. मग कुरकुर राहत नाही, खडक्-फट् होते. खडक्-फट्, खडक्-फट्.

स्वयंपाकघरात ट्रेडल चालू आहे.

ओट्यापाशी मगदूमकाका उभे आहेत. खिशावर शाईचा डाग असलेली तीच बंडी. शेगडीच्या जागी खिळ्यांची पेटी आहे आणि काकांचा हात खाली न बघता एका खणातून दुसऱ्या खणात जातोय. ते गेलेत हे शलाकाला पक्कं ठाऊक आहे. तरी तिला आधी लाज वाटते ती न घासलेल्या भांड्यांची.

"काका, तुम्ही तर..."

"गेलो की. म्हणून घेतल्यालं काम टाकून जायाचं?"

"चहा ठेवू?"

"हात धुतल्याबिगर कपाला शिवलोय का मी कधी? राख द्या वाईच."

राख तिच्या ओंजळीतच आहे. काका नळाखाली हात चोळतात. काळं पाणी जातं. पुन्हा चोळतात, पुन्हा काळं. सिंक भरत येतं.

"लेकरू कुटाय?"

"जुई? आत झोपलीये."

"पोरगी व्हय! झ्याक. तिलाच बघाय आलोतो." ते आतल्या खोलीच्या दारापर्यंत जातात आणि उंबऱ्याशी थांबून आपल्या हातांकडे बघतात. "न्हाई. लांबनंच बरं. चाळीस वर्सं पोरास्नी आंगूळ केल्याबिगर उचललं न्हाई. बायको म्हणायची, एवढं सोवळं देवाला तरी पाळा."

"या हो आत, काका. काही होत नाही."

"कुणी सांगितलं, काय होत न्हाई?"

ते रागावलेले नाहीत.  शलाका नळ बंद करायला वळते, तर समोर टपाल कचेरीची खिडकी आहे. जाळीपलीकडं काका बसलेत, पुढ्यात वजनकाटा, काट्यावर तिचं शेवाळी पाकीट.

"वजन जास्त हाय, ताई. आत काय घातलंसा?"

"पत्रिका."

"आन्?"

उत्तर तिला माहीत आहे. जिभेवर येत नाही. "आठवण," ती म्हणते.

"आटवणीला वजन नसतंय. दुसरं काय?" काका पाकीट कानाशी धरून हलवतात. "वाजतंय की."

"नाही वाजणार. मी गाठ मारलीये. खाचेत घट्ट बसलाय दोरा."

"ती खाच दोऱ्यासाठनं न्हवं, ताई." आता त्यांचा आवाज अगदी खाली येतो, नवख्या पोराला काम शिकवताना यायचा तसा. "न बघता बोटाला कळावं, अक्षर उलटं धरलंय का सुलटं, तेवड्यासाठनं हाय ती. शिसं गुळगुळीत असतंय. दोरा निसटतोय."

"द्या ते पाकीट. काका, द्या परत!"

ती जाळीतून हात घालते आणि जाळी सबंध निघून तिच्या हातात येते. पलीकडं मंगल कार्यालयाची पंगत बसलीये.

पाटांवर बाळं आहेत. नुसती बाळं. कुणाच्या गळ्यात लाळेरं, कुणाच्या डोक्यावर टोपडं, काहींना नीट बसताही येत नाही म्हणून लोड लावलेत. प्रत्येकापुढं केळीचं पान. आई कुणाचीच नाही. बेचाळीस बाळं आणि एवढ्या मोठ्या दालनात जरासाही आवाज नाही. कुठूनतरी फक्त बादलीत पळी लागल्याचा खणखणाट येतोय. वाढतंय कोण म्हणून शलाका बघते.

बादली तिच्याच हातात आहे.

तिचा उजवा हात पळी भरतो, पानावर रिता करतो. एक खिळा. पुढचं पान. एक खिळा. हात तिचं ऐकत नाही. मागं बाळं ते उचलतायत, बघतायत, आणि सगळी बाळं जे करतात तेच करतायत. तोंडात घालतायत. चोखतायत. एकजण तिच्याकडं बघून हसतो, त्याच्या दोन दातांमध्ये राखाडी कड चमकते.

 मोठ्या कष्टानं शब्द निघतात. "काका, धरा माझा हात. थांबवा मला!"

काका तिच्या मागून चालतायत. मोजतायत. "एकेचाळीस," ते म्हणतात.

"बेचाळीस आहेत. मी मोजलेत."

"पानं बेचाळीस. खिळं एकेचाळीस. एक कमी हाय."

खरंच, शेवटचं पान रिकामं आहे. त्या पानाशेजारी, बिनपानाची, एकटीच बसलीये जुई. तिला पंगतीला कुणी बोलावलेलं नाही. ती कुणाकडं बघतही नाही. उजवी मूठ आवळलेली.

"तिला कशाला बसवलंत इथं?" शलाका म्हणते.

"मी न्हाई बसवलं."

काका शलाकाचं मनगट पकडतात. त्यांचे हात आता स्वच्छ आहेत, ओले आणि बर्फासारखे गार. ते तिची बोटं जुईच्या मुठीवर नेऊन ठेवतात.

"हसू नगा आता. उगडा."

शलाका जागी होते.

पंखा फिरतोय. सव्वातीन झालेत. जुई कुशीवर झोपलीये, उजवी मूठ हनुवटीखाली. हनुवटीवर लाळ आहे, आणि लाळेचा रंग राखाडी आहे.

शलाका एकेक बोट उघडते. करंगळी, अनामिका, मधलं. आत खिळा आहे, बोटाच्या पेराएवढा. ओला, कोमट. ती तो उचलते आणि त्याच्या खाली, त्या इवल्या तळव्यावर, लालबुंद, खोल रुतलेलं, स्पष्ट वाचता येईल असं सुलटं अक्षर: ध.

पुढच्या क्षणी तिचं बोट जुईच्या तोंडात आहे, टाळूला, गालांच्या आत, जिभेखाली. काही नाही. जुई किंचाळून उठते. रडू दे. भोकाड पसरू दे.

ध म्हणजे ध्रुव. कराडच्या वहिनींचा मुलगा. ही गाठ शलाकानं काल स्वतः मारली होती, दुहेरी. म्हणजे खिळा पाकिटात जायच्या आधीच निसटला आणि गादीच्या घडीत पडून राहिला. दुहेरी गाठीतून. मग बाकीच्या गाठी...

ती परागला फोन लावते. दोनदा भलत्यालाच लागतो.

"पराग, जुईच्या हातात खिळा सापडला."

"भिंतीचा? अगं टिटॅनसचं..."

"छापखान्यातला! शिशाचा! चोखत होती ती!"

"गिळला?"

"नाही. माझ्या हातात आहे."

"मग डॉक्टरकडे ने, मी निघालोच. शलाका? ऐकतेयस ना?"

"पराग, अजून एकेचाळीस आहेत. टपालात. सगळी बाळांची घरं आहेत रे. मी निवडून निवडून पाठवलेत."



डॉक्टरांनी जुईचं तोंड बघितलं, रक्त तपासायला घेतलं. लवकर लक्षात आलं म्हणाले, घाबरू नका म्हणाले, आणि पुढं त्यांनीही तेच विचारलं: बाकीचे कुठायत? टपालाची थैली दुपारच्या गाडीनं केव्हाच गेली होती. शलाका जुईला कडेवर घेऊन कचेरीच्या रिकाम्या काउंटरपाशी उभी होती आणि आतला माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, "मॅडम, टाकलेलं पत्र ते. आता पोचल्यावरच."

मग फोन. शुक्रवारी संध्याकाळ, शनिवार, रविवार. पाकीट आलं तर फोडू नका, फोडलं तर बाळाच्या जवळपास नेऊ नका. काहीजण हसले. शाळेतली मैत्रीण म्हणाली, "शलाका, तू? तू द्राक्ष सोलणारी?"  तिघांनी सांगितलं, दोरा पत्रिकेला होता आणि खिळा सुटून पाकिटाच्या तळाशी खुळखुळत होता. इचलकरंजीच्या आजींनी तर नातवाच्या हातात देऊनही टाकला होता. "म्हटलं अक्षरओळख होईल गं," त्या म्हणाल्या आणि फोन तसाच टाकून धावल्या. शलाका कानाला फोन लावून तशीच बसून राहिली, त्या परत येईपर्यंत. चार मिनिटं. त्यानं तो नुसता आपटून आपटून वाजवला होता.

सोमवारी रात्रीपर्यंत चाळीस घरं झाली.

एक झालं नाही. नाशिकची मृण्मयी, कॉलेजातली. "अगं, तो फ्लॅट आम्ही मार्चमध्येच सोडला. तुला कळवायचं राहिलं." तिथं आता कोण राहतं, तिला ठाऊक नाही. घरमालक परदेशात, त्याचा नंबर लागत नाही. पराग रातोरात बसनं गेला. दाराला कुलूप, पत्रपेटी रिकामी. शेजारच्या बाई म्हणाल्या, "लोंढे राहतात. नवराबायको आणि नुकतं बसायला लागलेलं बाळ. कालच गावी गेले. जाता जाता पोस्टमननं दिलं की पाकीट, मीच बघितलं. बाळ सारखं तेच मागत होतं, म्हणून बाईंनी त्याच्याच हातात दिलं. गाव? सोलापूरकडं कुठंतरी. नंबर काही नाही बाई माझ्याकडे."

जुईचा रिपोर्ट आला, ती बरी आहे. तळव्यावरचं अक्षर दुसऱ्या दिवशीच पुसलं गेलं. शलाका मात्र भेटेल त्याला थांबवतेय, बसस्टँडवर, भाजीवाल्याकडं, दवाखान्याच्या रांगेत, आणि हे वाचणाऱ्या तुमच्याकडंही तिचं तेच मागणं आहे. नाशिकहून सोलापूरकडं आलेले लोंढे. बाळ नुकतं बसायला लागलेलं. जाड शेवाळी पाकीट, त्यावर हातानं लिहिलेलं मृण्मयीचं नाव. तुमच्या गल्लीत, नात्यात, शेजारीपाजारी असं कुणी उतरलं असेल तर आत्ता त्यांच्याकडं जा. पाकीट मागून घ्या. लाल दोरा असेल आणि दोऱ्याला काही नसेल, तर आधी बाळाला बघा. हात बघा, तोंड बघा.

झोपलं असेल, तर उठवा.