गोकर्णीची पट्टी

...तर पातेलं शेगडीवर आणि तंद्रीनाना खिडकीत, इथपर्यंत काल आलो होतो. पातेल्यात होतं गोकर्णीचं बी. निळ्या फुलांची ती वेल म्हणजे गुरांचा जीव की प्राण. ट्रक चालवणाऱ्या मित्रानं बियांची पुडी आणून दिली आणि बजावलंही होतं, "नाना, याची साल गेंड्याची. पाणी आत शिरत नाही. वरून कढत पाणी ओत, निवू दे, मग पेर." नानांनी सगळं नीट ऐकलं आणि बी सरळ पातेल्यातच घालून उकळत ठेवलं. मग काचेवर जमलेल्या वाफेतून अंगण कसं तळ्याच्या तळाशी गेल्यासारखं दिसतंय, ते बघत राहिले. तंद्रीनाना हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

तेवढ्यात थोरली बहीण अक्का आत आली. गोठा तिचा, दुधाचा धंदा तिचा आणि नानांवर ओरडायचा हक्कही तिचाच. झाकण उचलून म्हणाली, "छान शिजलंय रे. मीठ घालू का?"

नशीब, पुडीत मूठभर बी उरलं होतं. नानांनी ते वाळूच्या कागदावर हलक्या हातानं घासलं, भिजवलं आणि टरारून फुगल्यावर गोठ्यामागच्या पट्टीत पेरलं. अक्कानं तिथंच अट घातली. "गाय व्याली की तिला भरपूर ओला चारा लागेल. त्या दिवशी या पट्टीतला भारा तिच्या पुढ्यात पडला पाहिजे. नाही पडला तर सगळं उपटून टाकीन. मग माझ्यापुढं रडायचं नाही."

"नाही रडणार," नाना म्हणाले. पण त्यांचं अर्धं लक्ष जमिनीकडं होतं.

आता गोकर्ण उगवते खरी, पण सुरुवातीला नव्या नवरीसारखी अंग चोरून असते. तण मात्र जावयासारखं ऐसपैस पसरतं. नाना गोणपाट अंथरून बसायचे, एकेक काडी उपटायचे आणि मधेच थांबायचे. पानांवरून मुंगी चालली की त्यांनाही कुठंतरी जायचं असल्यासारखं वाटायचं. वेलीला चढायला आधार नव्हता. एक दिवस अक्का वैतागून आली आणि ओळींच्या मधोमध मक्याचे दाणे टोचून गेली. "जागा काय नुसती बघायला ठेवली आहे?"

रागानं केलेलं कामही कधी कधी पुण्याचं निघतं बघा. मक्याची ताटं उभी राहिली आणि वेलींनी त्यांचे हात धरले. मग एका सकाळी नानांनी गोठ्याचं मागचं दार उघडलं, तर समोर सगळं निळंच निळं. ताटं दिसेनात, माती दिसेना. वारा आला की ते निळं एकीकडून दुसरीकडं वाहत जायचं, आणि आपण उभे आहोत की तरंगतोय, हे नानांना उमजायचं नाही. गाईचा ऊन श्वास पाठीला लागायचा तेव्हा कुठं ते काठावर यायचे. घमेलं हातात तसंच, शेण जागच्या जागी.

आणि नेमकी ऐन बहरात गाय व्याली. वासरू धडधाकट, पण गाय गळून गेलेली. अक्का विळा घेऊन मागच्या दारी आली. नाना आडवे उभे राहिले.

"आठवडाभर थांब की, अक्का."

"आणि आठवड्यानं शेंगा धरून वेलीचे दोर झाले की काय खाटा विणायच्या? फुलं बघून कासेत दूध उतरतं का रे? बाजूला हो, नाहीतर मुळासकट काढते."

नानांनी एकदा गाईकडं पाहिलं. ती मान टाकून बसली होती आणि दारातून आत पडलेला निळसर उजेड तिच्या शिंगांवर हलत होता. त्यांनी अक्काच्या हातातून विळा घेतला. डाव्या हाताची वीत जमिनीला टेकवायची आणि तिच्या वर कापायचं, असं करत ते ओळीनं पुढं सरकले. विळ्याच्या प्रत्येक घावासरशी फुलं खांद्यावर पडत होती. मक्यासकट भारा बांधून त्यांनी गाईपुढं टाकला.

गाईनं हुंगलं. एक पान ओढलं. मग असं तोंड घातलं की शिंगंसुद्धा वेलीत गुंतली. पाठ टेकवून नाना गव्हाणीशी बसले. त्यांचे डोळे भरलेत हे अक्कानं पाहिलं आणि तिचा आवाज नको तितका मऊ झाला. कापलेल्या पट्टीकडं बघत ती त्यांच्या शेजारी टेकली.

"वाईट वाटतंय होय रे? एवढं निळं होतं. आता नुसते खुंट राहिलेत."

गाय आता बसून शांतपणे तोंड हलवत होती. नाना तिच्याकडं बघत म्हणाले, "वीतभर ठेवलेत ना अक्का, खुंट फुटतील. आणि निळं कुठं गेलंय? ते बघ, बसून रवंथ करतंय."