तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

"नक्की?" असं तो तीनदा विचारायचा. एकदा चष्म्यावरून बघत, मग चष्मा काढून, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी. त्याशिवाय कुणाची डिस्क पुसायला घ्यायचा नाही.

खेडच्या एसटी डेपोमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माझा भंगाराचा धंदा. ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर मी उचलायचो आणि साहेब लोक बजावायचे, आतलं सगळं पुसून टाका. म्हणून त्याच्याकडे खेपा. त्या रस्त्याने गेला असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. मांडीवर जेवणाचा डबा आणि नजर एका लुकलुकत्या हिरव्या दिव्यावर.

मी चौथी शिकलेला. एकदा म्हटलं, "पुसतोस म्हणजे काय रे? फडक्याने?"

"काका, ह्याच्यात एक फाईल हाय. फाईल आपली म्हणायची, आत ठेवलेलं कायच नाय. पण उघडली की नुसती शून्यं येतात. कितीपण घ्या, संपत नाय. ती डिस्कवर सोडायची, पार काठोकाठ."

"बरं."

"दुसरी एक हाय, तिच्यात काय पण टाका, गायब. आणि तिसरी सदा भरलेली. आत काय नसतं, तरी लिहायला गेलात की म्हणते जागा नाय."

"म्हणजे माझ्या मेव्हण्याचं घर!"

हसता हसता त्याला ठसका लागला.

पुसायला तासन् तास लागायचे. तेवढा वेळ तो जागचा हलत नसे. "यंत्र करतंय ना? चल चहाला," मी ओरडायचो.

"नको. कुणाचं तरी जातंय, काका. कोणीतरी बसायला हवं."

त्याच्या स्वतःच्या घरी कोणी नव्हतं. कधी विचारलं नाही मी.

पूर्वी एकदा दोन डिस्का जोडलेल्या असताना त्याने भलतीच पुसली होती. एका फोटोवाल्याची, अख्खं लग्न. नवरीचा बाप महिन्याभरात वारला. त्याचे शेवटचे फोटो तेच. ती पोरगी भांडली नाही, नुसती दुकानात येऊन बसून राहिली. तेव्हापासून त्याचं तीनदा विचारणं.

मग माझी बायको गेली. मुंबईच्या मुलाने घरच्या कॉम्प्युटरवर तिचं बोलणं भरून ठेवलं होतं. सुनेला बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं झणझणीत कालवण, शिकवत होती. मी मधे काही बोललो, तर म्हणते, "तुमी गप बसा वो जरा." तेराव्यानंतर मुलाने ते लावलं. मी भरल्या ताटावरून उठलो. तो मुंबईला गेला आणि मी डिस्क दुकानात नेली.

"पूस."

"नक्की?"

"व्हय."

"दुसरीकडे कुठे हाय हे?"

"नाय."

त्याने चष्मा काढला. "काका, नक्की?"

"व्हय म्हटलं ना! बहिरा झालास काय मेल्या?"

"उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी निघालो ते 'नको पुसू' सांगायलाच.

शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, परवा दुपारी खुर्चीतच गेला. समोर एक डिस्क पुसत लावलेली होती. संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. जवळ कोणी नव्हतं.

मी विचारलं, "कुणाची रे डिस्क?"

"बँकेची. तुमची निराळी, माझ्याकडे ठेवलीन त्याने." चहावाल्याने बरण्यांमागून एक डबा काढला. वर चिकटपट्टीवर माझं नाव आणि खाली त्याचं वेडंवाकडं अक्षर: दोनदा विचारलं. एकदा बाकी.

शिमग्याला मुलगा आला, डिस्क परत कॉम्प्युटरात बसवलीन. म्हणाला, "बाबा, आईचं लावू?" एकदाच विचारलंन, तेही मोबाईलकडे बघत.

मी पाट ओढून बसलो. ती बोलायला लागली. तिखल्याला कोकम किती घालायचं ते मी मधेच सांगितलं.

"तुमी गप बसा वो जरा."

बसलो गप. मुलगा उठून बाहेर गेला. हिरवा दिवा लुकलुकत होता. संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.