शकुनची साखर

अकोटजवळच्या मळ्यात झेंडू-शेवंती पिकवणारी शकुन बोलायला मोठी धीट. अकोल्याच्या फूलबाजारात भाव करताना तिचा आवाज चार दुकानं पलीकडे जायचा. पण इन्सुलिनचं नाव निघालं की ती विषयच बदलायची.

त्याला कारण होतं. धाकटा भाऊ जीवन एकदा इन्सुलिन टोचून उपाशीच फुलं तोडायला गेला आणि वाफ्यातच कोसळला. घामानं चिंब, डोळे उघडे, पण बहिणीला ओळखेना. दवाखान्यात शिरेतून साखर दिल्यावर तो सावरला. शकुन मात्र ते डोळे विसरली नाही.

तोच जीवन तिला आज अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन आला होता. तिची मान काळवंडली होती; शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणून रक्त तपासलं होतं. उपाशीपोटी रक्तातली साखर ठीक निघाली, पण इन्सुलिन भरमसाट. जीवनच्या डॉक्टर दामिनी मधुमेहींच्या भावंडांचा अभ्यास करत होत्या. शरीर इन्सुलिनला किती दाद देतं, हे त्या मोजणार होत्या.

"या हाताच्या एका शिरेतून इन्सुलिन, दुसरीतून साखर," त्यांनी समजावलं. "दुसऱ्या हातातून सारखं रक्त तपासायचं. साखर उतरायला लागली की वरून वाढवायची. जितकी जास्त द्यावी लागेल, तितकं शरीर इन्सुलिनचं ऐकतं."

"अन् वरची साखर पोचलीच नाई तं?"

"म्हणून मी इथून हलणार नाही. नको असेल तर आत्ताही नाही म्हणा."

शकुननं भावाकडं पाहिलं. "मी आनलं तुले," जीवन खाली मान घालून म्हणाला, "पन हात तुहा हाये, ताई."

ती आडवी झाली. रक्त घ्यायचा हात गरम कपड्यात गुंडाळला. इन्सुलिन आणि साखर सोडणारं यंत्र बारीक गुरगुरू लागलं. बराच वेळ रक्तातल्या साखरेचा आकडा जागचा हलला नाही. मग शकुनच्या ओठांना मुंग्या आल्या. घाबरल्यामुळं असेल, म्हणून ती गप्प राहिली. तेवढ्यात कपाळावर घाम फुटला आणि तिला वाफ्यातला जीवन दिसला.

"मॅडम, मले कसंतरी होऊन राह्यलं!"

दामिनींनी आधी इन्सुलिन थांबवलं, मग हात पाहिला. साखरेची सुई शिरेतून निसटली होती. कोपराजवळ फुगलं होतं. नवी सुई लागेपर्यंत शकुन दाराशी उभ्या भावाकडं बघून एकच विचारत होती, "जीवन, मी तुले ओळखून राह्यली ना?"

"ओळखून राह्यली, ताई. बोलत राय."

साखर पोचली. घाम वाळला. दामिनी ओशाळल्या. "चूक आमची. हात आधीच बघायला हवा होता. पुन्हा यायचा आग्रह करणार नाही."

घरी तिच्या नवऱ्यानं, खुशालरावानं, साफ सांगितलं, "पुरे झालं आता." पण मुलगी दीपमाला आरशासमोर वेणी घालत होती आणि तिच्या मानेवर तीच काळी रेघ होती. शकुन पुन्हा गेली. त्या दिवशी नर्स सारखा हात चाचपून पाहत होती, आणि शकुनही.

या खेपेला तपासणी पार पडली. साखर फारच थोडी द्यावी लागली. शकुनला आधी बरं वाटलं; मग दामिनींचा चेहरा पाहून समजलं, की तिचं शरीर इन्सुलिनचं फारसं ऐकत नव्हतं.

"मधुमेह झालेला नाही अजून. आवरता येईल," दामिनी म्हणाल्या.

"माह्या पोरीलेही अशाच सुया टोचाव्या लागतील का?"

"नाही. तिला उपाशीपोटी आणा, एकदाच रक्त घेऊ."

शकुननं मान हलवली. बाहेर येऊन तिनं फोन लावला. दीपमालानं उचलल्यावर ती म्हणाली, "उद्या सकाळी काई खाऊ नको, बेटा. माह्यासंगं अमरावतीले याचं हाये."